खळ्यावरून कोर्टाकडे

कराचीत भात पिकत नाही, पण मार्गशीर्ष लागला की इथे भाताचा वास येतो. सिंधच्या आतल्या मुलखातून उंटगाड्या पोती घेऊन येतात आणि बंदराकडच्या वखारींत ती रचली जातात. पोत्यांच्या थराखाली पेंढा अंथरलेला असतो. ऑफिसातून खोलीवर जायची माझी वाट खरं म्हणजे दुसरीकडून आहे, पण हे दोन महिने मी मुद्दाम वळसा घेतो. उंटाने मान झटकली की गळ्यातली घंटा वाजते, गाडीतून थोडी धूळ उडते, आणि समुद्राच्या काठी असूनही ओल नसलेल्या या कोरड्या शहरात माझ्या नाकात एकदम आमच्याकडचं खळं शिरतं. मी तिथे उगाच उभा राहतो. हमालांना वाटत असेल, हा बाबू कुणाच्या तरी मालावर नजर ठेवायला येतो.

भाताच्या वासाने कुणाला आई आठवेल, कुणाला नवान्नाचा पहिला घास आठवेल. मला कोर्ट आठवतं. हसू नका. आमच्या रत्नागिरीकडे पावसाळ्यात कुणाला भांडायला सवड नसते. लावणी असते, खुरपणी असते, पाण्याने फुटलेले बांध पुन्हा घालायचे असतात. ज्याच्याशी वैर त्याच्याच शेजारी गुडघाभर चिखलात उभं राहावं लागतं. दिवाळीनंतर भात कापून होतं, झोडून होतं, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात, आणि मग चार महिने पोटात दाबून ठेवलेलं दुखणं वर येतं. भावाने बांध सरकवलेला असतो. शेजाऱ्याने पाणंद अडवलेली असते. मग माणूस धुतलेलं धोतर नेसतो, नव्या पोह्यांची पुरचुंडी बांधतो आणि रत्नागिरीची वाट धरतो. खळ्यावरून उठायचं ते कोर्टात जाऊन बसायचं, असा तो हंगाम.

कोर्टाच्या आवारात झाडांखाली गाठोडी सोडून बसलेली ती माणसं मला अजून दिसतात. जांभ्या दगडाच्या गडग्याला टेकून कुणी तंबाखू मळतोय, कुणी शेजारच्यालाच आपली कैफियत सांगतोय आणि शेजारचा, तो प्रतिपक्षाचा साक्षीदार असूनही, मान डोलावतोय. त्यांच्या कपड्यांना भाताचं टोचरं कूस चिकटलेलं असायचं. ते बाकावरून उठले की बाकावरही राहायचं. दुपारी मी त्या बाकावर बसलो की मांड्या खाजायच्या. मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्या वकिलांच्या ओटीवरच्या कागदांतसुद्धा ते कूस सापडायचं. एकदा जप्तीच्या एका दरखास्तीत अख्खी लोंबी निघाली होती. तिथल्या दाजी कारकुनांनी ती काढून देवापुढे ठेवली.

हे सगळं लिहायला बसलो त्याला वास हे एक कारण झालं. दुसरं कारण भाच्याचं पत्र. तो यंदा मॅट्रिक झाला. त्याने विचारलंय, ‘मामा, कायद्याकडे वळू, की रेडिओ दुरुस्त करायचं शिकू? इथे सगळे म्हणतात की आता सगळं यंत्रं करणार.’ पत्र टेबलावर पडून आहे. योगायोग असा की गेल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातही एक यंत्र आलं. साहेब त्याच्या कर्ण्यात बोलतात, मेणाच्या नळकांड्यावर त्यांचा आवाज उमटतो, आणि तो कानाला लावून टायपिस्टाने पत्र छापायचं. शॉर्टहँड घेणारे आमचे दोघेजण तेव्हापासून डबा न उघडता घरी नेतात. मी त्यांना धीर देत नाही. मला तो देता येत नाही. मी त्यांच्यासारखाच बसून होतो एकदा.

माझी शाळा इंग्रजी तिसरीत सुटली. वडील गेले, आणि मला गावाहून रत्नागिरीला आबासाहेब वकिलांच्या ओटीवर आणून सोडलं. आबासाहेबांनी विचारलं, “अक्षर कसं आहे रे?” मी पाटीवर माझं नाव लिहून दाखवलं. त्यांनी पाटी दाजींकडे सरकवली. दाजी म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे कारकून, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून ती दोऱ्याने कानाला बांधलेली. दाजींनी पाटी लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, “अक्षर वाईट नाही. पण घाबरून लिहितो. ‘स’ बघा, पळायच्या तयारीत उभा आहे.” तरीही मला ठेवून घेतलं. पुढची पाच-सहा वर्षं मी त्या घरात जेवलो, त्या ओटीवर झोपलो, दाजींकडून मोडी शिकलो, आणि घाबरून का होईना, दावे लिहू लागलो. आज परमुलखात दोन वेळचं नीट खातो ते त्या पाटीच्या जोरावर. हे ऋण शब्दांत मांडायला गेलं की माझा ‘स’ अजूनही पळायला बघतो.

दावा लिहायची आमची एक रीत होती. आबासाहेब कच्चा मसुदा करीत. त्यावरून मी आणि दाजी हाताने तीन प्रती काढीत असू. मग रुजवात. एकाने मूळ मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, आणि पक्षकाराने समोर बसायचं. पक्षकाराला अर्ध्या शब्दांचा अर्थ कळत नसे. ‘वादग्रस्त मिळकत’ म्हटलं की तो नमस्कार करी. पण बसायचं. दाजींचा नियम. निशाणी अंगठा घ्यायचा तो त्यानंतर. तीन प्रतींच्या रुजवातीला दुपार जायची. दाजींचा आवाज एकसुरी होता. ऐकता ऐकता मला डुलकी यायची, आणि ते मधेच नसलेलं वाक्य घालायचे: “...येणेप्रमाणे चतुःसीमा असून सदाशिव झोपला आहे.” मी दचकून म्हणायचो, “बरोबर.” पक्षकार हसायचे.

चौथ्या वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने मुंबईहून एक खोका आला. त्यात मराठी अक्षरांचा टाइपरायटर. पावसात लोखंड गंजेल म्हणून खोका माळ्यावर ठेवला आणि गणपती गेल्यावर उघडला. आबासाहेबांच्या घरातली सगळी माणसं ओटीवर जमली. दाजी यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, “ह्याला शाई कुठून पाजायची?” मग मी पहिली ओळ छापली. अक्षरं एकमेकांना शिवत नव्हती, शिरोरेषा जागोजाग तुटली होती. दाजींनी कागद उजेडात धरला. “आबासाहेब, ह्या अक्षरांना वाळवी लागलीय.”

आबासाहेब हसले, पण सगळे पांगल्यावर मला आत बोलावून म्हणाले, “सदू, तुला खोटं सांगणार नाही. हे यंत्र दोघांचं काम एकाकडून करून घेणार. कार्बन घातला की तीन प्रती एकदम. दाजींना ह्या वयात जा म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. तू यंत्र शिक. शिकलास तर काही दिवस तू राहशील. पुढे काय, ते मलाच ठाऊक नाही. दुसरीकडे बरी जागा मिळत असेल तर मी अडवणार नाही.”

इतकं सरळ बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. मी यंत्र शिकायला लागलो.

आणि दुसरीकडची जागा तर समोर उभीच होती. माझा मामेभाऊ गोपाळ कोल्हापूरच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. खाकी कोट, कपाळावर चढवलेला धुळीचा चष्मा, आणि घाट चढून आल्यासारखं मोठ्याने बोलणं. तो गाडी लावून आमच्या ओटीवर यायचा, यंत्राच्या दोन कळा ठोकायचा आणि सुरू व्हायचा.

“मेल्या, हे घासून तू वकील होणार आहेस काय? मॅट्रिक नाहीस, सनद तुला मिळायची नाही. जन्मभर दुसऱ्याच्या भांडणात तिसऱ्याचा अंगठा. माझ्या मालकाला एक माणूस हवाय. वर्षभर क्लीनर, मग चाक हातात.”

“आणि घाटात गाडी बंद पडली तर?”

“तर ढकलायला वकील बोलावू! अरे, तुझा वकील एका दाव्यात पंधरा वर्षं बसतो. मी सकाळी निघालो की संध्याकाळी कोल्हापुरात चहा पितो.”

“पण मला भीती वाटते रे.”

“कशाची? मोटारीची?”

मला मोटारीची नव्हती वाटत. मला दोन्ही वाटांची वाटत होती. मोटार पुढची होती, हे आंधळ्यालाही दिसत होतं. कायदा मागचा होता, कागदाचा होता, आणि त्या कागदाला आता माझा हातही लागत नव्हता. गोपाळने मुदत घातली, “मार्गशीर्षी पौर्णिमेपर्यंत सांग. नंतर मालक दुसरा घेईल.” मी दुपारी यंत्रावर बसायचो आणि प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आपणच आपल्याला दाराबाहेर ढकलतोय.

ते दिवस तरी केवढे सुंदर होते! हे आत्ता म्हणतो. पहाटे अंगावर पातळ थंडी, नऊपर्यंत ऊन कोवळं. पाऊस निवलेला, वाऱ्याला मिरकरवाड्याच्या सुकत्या मासळीचा वास. आबासाहेबांकडच्या बायका नाकाला पदर लावून खिडकी लावायच्या आणि वारा फिरला की पुन्हा उघडायच्या. परसातल्या कलमांना तांबूस पालवी. सड्यावरचं, त्या कातळमाळावरचं, गवत पिवळं पडून उन्हात नुसतं चमकायचं. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी ‘ऱ्या’ शोधत होतो. त्या यंत्रावर ‘ऱ्या’ उमटवायला तीन कळा लागायच्या, आणि त्यातली एक कधी सापडायची नाही. आमच्या मुलखात तर दर दुसऱ्या जमिनीच्या सीमेवर पऱ्या असतो. पावसाळ्यात वाहणारा ओहोळ, बाकी वर्षभर नुसते दगडगोटे. पण दाव्यात तो बारमाही.

पौर्णिमेला पाच-सहा दिवस उरले होते तेव्हा इंद्राबाई आली. सकाळी ओटीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली कुणबीण, हातखंब्याच्या पलीकडची, अंधारातच घर सोडून चालत आलेली.

“वकिलांचं घर ह्येच काय वो?”

तिची हकिकत तिने उभ्याउभ्याच सांगितली. नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथेच वारला. भावांच्या वाटण्या आधीच झाल्या होत्या. दीर म्हणाला, वैनी, तुझ्यानं एकटीनं होणार नाही, तुझी जमीन मी कसतो, भात तुला आणून देईन. पहिल्या वर्षी दिलं. दुसऱ्या वर्षी म्हणाला, जमीन माझी.

“मग इतकी वर्षं काय केलंस?” आबासाहेबांनी विचारलं.

“वाट बगितली. मानूस हाय, येईल सुद्दीवर. दर साली कापनी झाली का मी कुडाच्या पल्याड हुबी ऱ्हायाची. औंदा आत जाया बगितलं, तर त्यानं खल्यात पाय ठेवू दिलान न्हाई. म्हनलं, आता वकील.”

“भात द्यायचं बंद केल्याला किती वर्षं झाली?”

“बारा व्हतील. मळनी आटपली, आनि चार दिसांनी त्यानं तसं सांगितलान.”

आबासाहेब ताठ बसले. बारा वर्षं उलटली की दुसऱ्याच्या ताब्यातली जमीन परत मागायची मुदत जाते. महिन्याचा, सणाचा, त्या साली तिची म्हैस व्याली त्या वाराचा धागा धरत त्यांनी तिच्याकडून हिशेब काढला. हातात फार तर तीन दिवस होते. ते तसेच बसले आणि दिवेलागणीपर्यंत मसुदा तयार केला. जमिनीचे पाच तुकडे होते: घराखालचा मळा, पऱ्याकाठचा कुणगा म्हणजे भाताचं छोटं खाचर, पलीकडचं चढावरचं वरकस रान, खळ्याची जागा आणि खालचा पाणथळ चोंढा. घाईत तुकड्यांना आकडे घातले नव्हते. प्रत्येक तुकडा ‘तसेच’ म्हणून सुरू होत होता आणि त्याच्या चारी दिशांच्या सीमा सांगून संपत होता. इंद्राबाई त्या रात्री पडवीत झोपली. दाजी नेमके लेकीच्या डोहाळजेवणाला पावस गावी गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कार्बन घालून दावा छापला. न थांबता छापला. आबासाहेब कोर्टात निघाले होते, पगडी चढवता चढवता त्यांनी कागदांवर नजर टाकली. मी विचारलं, “रुजवात?”

“कोणाची कोणाशी घेणार? तिन्ही प्रती एकाच ठोक्यातल्या. निशाणी घे आणि घेऊन ये.”

मला आत कुठेतरी बरं वाटलं. दाजींशिवाय, एका सकाळीत, एकट्याने पुरा दावा! शाईचा डबा उघडून मी तिला म्हटलं, “इंद्राबाई, अंगठा कर.”

तिने हात पदराखाली घेतला. “काय लिवलाव त्या आयकव आदी.”

“सगळं बरोबर आहे. यंत्राने लिहिलंय.”

“यंतर माझ्या गावाला येऊन गेलं व्हतं काय?”

मी चिडलो. कोर्ट उघडलं होतं. पण ती हलेना, तेव्हा समोर बसून भराभर वाचायला लागलो. वादीचं नाव, प्रतिवादीचं नाव, कारण घडल्याची हकिकत. ती मान हलवत राहिली. मग जमिनी आल्या आणि तिने डोळे मिटले.

“घराखालचा मळा, पूर्वेस...”

“हं. उतारलंय.”

मला कळेना ती काय म्हणते. मी पुढे वाचलं. कुणग्याच्या सीमा आल्या. “ही पऱ्याची कड. निसरतंय हितं, दमानं,” ती मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे. तिच्या पायाची बोटं वळली होती. ती ओटीवर नव्हतीच. ती आपल्या जमिनीतून चालत होती, आणि मी वाचत होतो त्या वेगाने तिला चालावं लागत होतं. माझा वेग आपोआप उतरला. वरकस आलं. ती चढली, खरोखर तिला धाप लागली. “...उत्तरेस सामाईक गडगा. तसेच खालचा चोंढा...”

तिने डोळे उघडले.

“थांब बाबा. मी खल्यात गेलंयच न्हाई अजून.”

“असेल पुढे.”

“फुडं कसं? वरकसावनं उतारलं का खळं. मग चोंडा. तू मला गडग्यावरनं सरल चोंड्यात टाकलास.”

मी मसुदा काढला. खळं तिथे होतं. वरकसाच्या शेवटी ‘उत्तरेस सामाईक गडगा’, आणि खळ्याच्या शेवटीही तेच शब्द. वरकसाच्या सीमेवरच्या पऱ्याचा ‘ऱ्या’ शोधताना माझी नजर मसुद्यावरून उठली होती, आणि परत बसताना पहिल्या गडग्याऐवजी दुसऱ्यावर बसली होती. एक अख्खं खळं, त्यातल्या दोन फणसांसकट, माझ्या बोटांखालून निसटलं होतं. तिन्ही प्रतींतून, एकाच ठोक्यात.

चार वर्षं दावे लिहून मला एवढं नक्की ठाऊक होतं की एका दाव्यात मागायचं सोडलं ते पुढे दुसरा दावा लावून मागता येत नाही. आणि परवा मुदत संपली की कुणाच्या हातापाया पडलं तरी दीर खळ्यावरून उठणार नव्हता. तिचं खळं मी कागदावर त्याच्या नावाने करून देत होतो.

“इंद्राबाई, माझी चूक झाली.”

तिने मला नीट पाहून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. “मग नीट कर की. रडतोस काय? खळ्याबिगर भात झोडू कुटं, तुझ्या यंतरावर?”

मी कोर्टात धावलो. वकिलांच्या खोलीत चारजण बसले होते. त्यांच्यादेखत आबासाहेबांना सांगितलं, कारण बाजूला बोलवायचंही सुचलं नाही. सांगताना मनात एकच होतं: आता घर सुटलं. गोपाळकडे जायचं ते असं, हाकललं म्हणून.

आबासाहेबांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसला.

“रुजवात नको कोण म्हणालं?” त्यांनी विचारलं.

मी कागद पुढे केले. उत्तर त्यांनीच दिलं:

“मी म्हणालो. लिहिताना चुकलास तू, आणि सोडताना मी. जा. तीनच्या आत दावा शिरस्तेदारांच्या टेबलावर पाहिजे.”

“हाताने लिहून काढू?”

“का रे? यंत्र खोटं बोललं काय? जे दिलंस ते त्याने छापलं.”

मी परत आलो, नवे कागद घातले. या वेळी सावकाश. झाल्यावर इंद्राबाईसमोर बसलो. तिने पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. मळा उतरली, पऱ्या सांभाळून ओलांडला, वरकसाचा चढ चढली. मग मी वाचलं, “तसेच खळ्याची जागा, त्यातील दोन फणसांसह...” आणि ती म्हणाली, “वाईच थांब.”

मी थांबलो. तिची पावलं ओटीच्या सारवलेल्या जमिनीवर हळूहळू सरकत होती, पायाने भात पसरतात तशी. बारा वर्षांत ती तिथे गेली नव्हती. बाहेर एक गाडीवान बैलाला काहीतरी सांगत होता. मला वेळेचं भान होतं, तीन वाजायला आले होते, पण मी बोट त्याच ओळीवर ठेवून बसलो.

“चल फुडं,” ती शेवटी म्हणाली.

तिन्ही प्रतींवर तिने तीनदा अंगठा केला. अंगठा कार्बनमधून उतरत नाही.

दावा वेळेत लागला. निकाल झाला नाही, तडजोड झाली. तीही मी आबासाहेबांची ओटी सोडून नोकरीसाठी इकडे कराचीला आल्यानंतर. दाजींनी कार्डावर कळवलं होतं: ‘मळा, कुणगा, खळे बाईस मिळाले. वरकस व चोंढा दिराकडे. बाई पोहे देऊन गेली, ते तुझ्या वाटचे मी खाल्ले.’ दाजी आता नाहीत. इंद्राबाईचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

भाच्याला मी काय लिहू? यंत्राला भिऊ नकोस, असं लिहिलं तर ते खोटं होईल. यंत्राने माझ्यासारख्या कितीजणांचे हात रिकामे केले, ते मी पाहिलंय, आणि आमच्या ऑफिसातल्या त्या दोघांचे डबेही पाहतोय. कायदा फार थोर, असंही लिहिता येत नाही. ज्याला सनद नाही त्याला कोर्टात उभं राहून बोलता येत नाही. तो आयुष्यभर दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा असतो. एवढंच लिहिता येईल की त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, आमचं काम म्हणजे लिहिणं. ते यंत्राकडे गेलं आणि आमच्याकडे काहीच उरलं नाही, या धास्तीने मी अर्धा झालो होतो. समोरचं माणूस डोळे मिटून चालत असतं, आणि आपण त्याच्या बरोबरीने चालायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी कळलं नसतं. रेडिओतही असं काही असेल. ते त्याने तिकडे जाऊन बघावं.

पौर्णिमेच्या सकाळी मी मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. गोपाळ बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता. माणसं टपावर बोचकी चढवत होती, खाली एक म्हातारा आपली कोंबडी आत घेऊ देत नाहीत म्हणून क्लीनरशी हुज्जत घालत होता.

“आलास? कपडे कुठायत?” गोपाळ डोकं बाहेर न काढताच म्हणाला.

“मी येत नाही.”

त्याने डोकं काढलं. गालावर तेलाचा पट्टा. “वकिलाने पगार वाढवला काय?”

“नाही.”

“जागा पक्की केली?”

“नाही. विचारलंच नाही.”

“मग काय मिळालं तुला तिथे, सांग ना?”

खळं म्हटलं असतं तर त्याने मला सरळ वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं असतं. मी म्हटलं, “मला ते जमेल, असं वाटतंय.”

“तुला? अरे, तू स्वप्नातही चुकलो चुकलो म्हणून ओरडतोस.”

“म्हणूनच.”

तो बॉनेट धाडकन आपटून म्हणाला, “वकील तर तू होणार नाहीस. मग लोकांना सांगू काय, माझा भाऊ कोण म्हणून?” आणि उत्तराची वाट न बघता त्या म्हाताऱ्याला ओरडला, “घ्या हो आजोबा कोंबडी! मांडीवर घ्या, आणि अंडं घातलान तर अर्धं माझं!”

गाडी सुटली. तांबडी धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच होतो. आपण मोठी चूक केली, असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते वाटणं आजही पुरतं गेलेलं नाही. एखाद्या संध्याकाळी वखारींपाशी उभा असतानाही ते येतं, आणि मी त्याला येऊ देतो.

परत आलो तेव्हा ओटीवर नवा पक्षकार बसला होता. कुणीतरी पूर्णगडकडचा, बांधाच्या भांडणाचा. शेजारी नव्या भाताची पिशवी. दावा यंत्रावर छापून तयार होता. तो मीच आदल्या दिवशी छापला होता. दाजी पावसहून आले होते आणि मसुदा हातात घेऊन नेहमीच्या जागी बसले होते. आबासाहेबांनी कोर्टात जायची पगडी चढवली होती. मला बघून ते दोन पावलं मागे आले, पगडी काढून बाजूला ठेवली आणि त्या माणसाशेजारी जमिनीवरच मांडी घातली.

कुठे गेला होतास, काय ठरवलंस, काही विचारलं नाही. तिन्ही प्रती माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, “वाच. सावकाश.”

आणि आबासाहेबांनी डोळे मिटले.